बॅलिमलूची सुगरण

कोणा नामांकित बल्लवाच्या हाताखालीं उमेदवारी केलेली नाहीं, धंद्याचा अनुभव नाहीं, आणि पदरीं सहा मुलें. अशा गृहिणीनें चाळिशींत खेड्यांतील आपल्याच घरीं भोजनगृह उघडलें, तर तें चालेल काय? आयर्लंडमधील मर्टल अ‍ॅलन यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

त्यांचा जन्म १९२४ सालचा. पति आयव्हन हे शेतकरी. कॉर्क परगण्यांतील शानागॅरी गांवाजवळचें बॅलिमलू हें जुनें, प्रशस्त घर व भोंवतालची शेती या दांपत्यानें विकत घेतली. संसार करतां करतां मर्टलबाई स्वयंपाक शिकल्या. १९६२ पासून शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकांत त्या पाककृतींचें सदर लिहूं लागल्या आणि १९६४ सालीं त्यांनीं घरचें जेवणघर पाहुण्यांस खुलें केलें. पुढें मुक्कामासाठीं खोल्याही झाल्या.

त्या काळीं प्रतिष्ठित हॉटेलांत फ्रेंच पदार्थांचा मान मोठा. घरगुती आयरिश अन्न पैसे देऊन कोण खाणार, अशी शंका होती. मर्टलबाईंनीं मात्र आपल्या मळ्यांत, शेजाऱ्यांकडे व जवळच्या बॅलिकॉटन बंदरांत त्या दिवशीं काय मिळालें, तें पाहूनच पदार्थांची यादी ठरविली. बाजाराच्या यादीप्रमाणें माल आणावयाचा नाहीं, मालाप्रमाणें यादी करावयाची, हा त्यांचा नियम होता.

यांत शास्त्र आहे. मटाराच्या शेंगा तोडल्या कीं दाण्यांतील साखरेचें पिष्ट होऊं लागतें व गोडी उतरते. मासळीची चवही वेळ जाईल तसतशी ओसरते. उशिरा आलेल्या जिनसास मसाल्याची कितीही जोड दिली, तरी गेलेली चव परत येत नाहीं. मात्र हा मार्ग सोपा नव्हे. रोज यादी बदलावयाची, तर अनेक कृति हातांत मुरलेल्या असाव्या लागतात. आणि पाहुण्यास हवा तोच पदार्थ मिळेल, असें वचन देतां येत नाहीं.

१९७५ सालीं मिशलिन या विख्यात फ्रेंच मार्गदर्शिकेनें बॅलिमलूस तारा दिला. १९७७ सालीं मर्टलबाईंचा पाकग्रंथ निघाला. १९८३ मध्यें स्नुषा डॅरिना यांनीं जवळच पाकशाळा काढली. २०१८ सालीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, मर्टलबाई निवर्तल्या. ज्या घरगुती अन्नाबद्दल लोकांस संकोच वाटत असे, तेंच शिकण्यासाठीं आतां परदेशांतून विद्यार्थी शानागॅरीस येतात.