लायन्स क्लबला देणगी का द्यावी?

‘या क्लबांत सेवा कमी, मेजवान्याच जास्त,’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पण १९१७ साली मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने शिकागोत सुरू झालेल्या लायन्स संघटनेचा नियमच आहे की, प्रत्येक क्लबने दोन हिशेब वेगळे ठेवायचे. सभा, जेवण, पदग्रहण यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवायचा आणि लोकांकडून देणगी किंवा तिकीटविक्रीतून जमलेला पैसा लोकांच्याच कामी लावायचा. म्हणून देणगी देताना या दुसऱ्या खात्याचा हिशेब जरूर मागा. तो आपला हक्क आहे.

‘ही कामं सरकारची, क्लब कशाला?’ हा दुसरा आक्षेप. सरकारला पर्याय म्हणून नव्हे, जोड म्हणून क्लब हवेत. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सना अंधत्वाविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं आणि नेत्रसेवा ही संघटनेची ओळख बनली. मोतीबिंदू शिबिराला डॉक्टर लागतात, तसेच गावोगावी निरोप देणारे, वृद्धांना ने-आण करणारे, चष्म्यांसाठी निधी जमवणारे हातही लागतात. ते हात स्थानिक क्लबच पुरवू शकतो, कारण त्याला गल्ली न् गल्ली माहीत असते.