माहुलीची रांग: थरांनी घडवलेला मुलूख

कसारा लोकल टिटवाळा ओलांडून खडवली-वासिंदच्या दिशेने निघाली की डोंगरांची एक रांग हळूहळू ठळक होऊ लागते. लांब सपाट माथा, मधे खोल खाच आणि कडेला आभाळात घुसलेले कातळाचे सुळके. ही माहुलीची रांग. उंची सुमारे ८५८ मीटर, पायथ्याचे स्थानक आसनगाव. पावसाळा सरल्यावर हवा निवळली की टिटवाळ्याच्या गच्च्यांवरूनही ती ओळखू येते. इथल्या महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी बहुतेकांना ती नजरेच्या टप्प्यात असूनही अनोळखी राहते. प्रत्यक्षात या परिसरातले पाणी, शेती, जंगल आणि इतिहास यांची घडण याच डोंगरांच्या दगडात दडलेली आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी फुटावा तसा हा उद्रेक नव्हता. भेगांमधून पसरणारा पातळ लाव्हा पुन्हापुन्हा येत राहिला आणि एकावर एक थर साचत गेले. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला, असे आजची कालमापने सांगतात. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ अगदी थोडा. झीज होऊन उरलेला हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

वरवर सगळे थर सारखेच काळे दिसतात. १९८० च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी त्यांतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण तपासले आणि प्रत्येक थरसमूहाची रासायनिक ओळख निश्चित केली. या समूहांना त्यांनी दिलेली नावे आपल्या रोजच्या ओळखीची आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. ठाणे जिल्ह्याच्या आसपासची ही गावे आणि स्थानके आज जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत आहेत.

मग घाटमाथ्यापासून तुटून माहुली एकटी पुढे कशी उभी राहिली? लाव्ह्याचे उद्रेक ओसरल्यानंतर भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून दूर गेले आणि पश्चिमेकडे समुद्र आला. सह्याद्रीचा कडा त्या वेळी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. समुद्राकडे उतरणाऱ्या नद्यांनी तो कोट्यवधी वर्षे कोरला, कडा पूर्वेकडे सरकत गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कोकणची पट्टी तयार झाली. कडा मागे हटताना काही तुकडे जागीच टिकून राहिले. माहुली, मलंगगड आणि माथेरान ही त्याची जवळची उदाहरणे. त्यांचे थर आजही आडवे, एकावर एक रचलेले दिसतात.

या थरांची अंतर्गत रचना समजली की डोंगराचा आकार उलगडतो. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, त्यामुळे तो घट्ट आणि टणक बनतो. वरच्या भागात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरतात. हा भाग लवकर झिजतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. एक थर पसरल्यानंतर दुसरा येईपर्यंत जी माती तयार झाली ती वरच्या तप्त लाव्ह्याखाली भाजली गेली, तिचा हा अवशेष. घट्ट थराचा कडा बनतो, मऊ थराची माची बनते. कडा, माची, पुन्हा कडा अशी चढण सह्याद्रीच्या बहुतेक गडांवर भेटते, ती यामुळेच.

सुळक्यांमागेही हेच शास्त्र आहे. थंड होताना बेसाल्टला उभे तडे जातात. त्यांत पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात, तडे रुंदावतात आणि खडकाचे उभे खांब सुटे होतात. काही भेगांत उशिराचा लाव्हा वर येऊन तिथेच गोठला. अशा उभ्या पट्ट्यांना भूशास्त्रात भित्ती म्हणतात. आजूबाजूचा खडक मऊ असेल तर भित्ती उंचावून उभी राहते, आणि भित्तीच अधिक फुटलेली असेल तर त्या जागी घळ पडते. माहुलीच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे देऊन कातळात एक अख्खे लग्न उभे केले आहे. गिर्यारोहकांना सर्वांत परिचित सुळका मात्र वजीर.

गड बांधणाऱ्यांनी याच रचनेचा उपयोग करून घेतला. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे या दुर्गाचे तीन भाग. कडे तटबंदीचे काम करतात, म्हणून भिंत फक्त जिथे वाट आहे तिथे लागते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी कातळात टाकी खोदलेली आहेत. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना वेढले ते इथेच, आणि निजामशाही वाचवण्याचा त्यांचा प्रयत्न इथेच संपला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत माहुलीही होता. १६७० च्या आरंभी मराठ्यांनी केलेला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. त्याच वर्षी जूनमध्ये गड पुन्हा स्वराज्यात आला.

हा काळा दगड इथल्या माणसांनी त्याआधीही कितीतरी शतके हाताळला होता. भिवंडीजवळच्या लोनाडला डोंगर पोखरून बौद्ध लेणे कोरले गेले. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात याच दगडातून उभे राहिले. मुरबाडच्या वरच्या अंगाला नाणेघाटात सातवाहनांनी कड्याच्या खिंडीतून वाट काढली. कल्याण बंदरातला माल त्या वाटेने जुन्नरला चढत असे. १८५५ मध्ये कल्याणहून वासिंदपर्यंत आगगाडी धावू लागली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून ती इगतपुरीला पोहोचली. त्या रुळांनीही नदीखोऱ्यांचाच माग धरला.

डोंगराचे सर्वांत मोलाचे काम मात्र पाण्याचे आहे. इथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. घट्ट बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते मुरते वरच्या झिजलेल्या मुरमात, तड्यांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तिथून ते सावकाश पाझरते आणि झरे, विहिरी, ओढे पावसानंतरही काही महिने जिवंत राहतात. हा साठा उथळ असल्यामुळे त्यावरची माती आणि झाडी टिकली तरच तो टिकतो. रांगेच्या एका अंगाचे पाणी तानसा खोऱ्यात जाते, दुसऱ्या अंगाचे भारंगीतून भातसेत. भातसा खडवलीवरून येऊन काळूला मिळते आणि काळू उल्हासला. तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवत आहे, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसा देते.

शेतीनेही थरांची शिस्त पाळली. सखल खाचरांत भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. ठाकूर, कातकरी, वारली, कोळी समाजांची वस्ती या उतारांच्या आधाराने वाढली, आणि कोणती वनस्पती कोणत्या माचीवर मिळते याचे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. साग, ऐन, मोह, पळस यांच्या पानगळीच्या या जंगलाचा मोठा भाग तानसा अभयारण्यात येतो. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर शतकभराहून अधिक काळ कोणाला सापडले नव्हते. १९९७ मध्ये ते खानदेशात पुन्हा दिसले आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. मुंबईच्या इतक्या जवळ असा दुर्मीळ पक्षी टिकतो, यावरून या जंगलाची योग्यता कळते.

आता धोका कशाचा, हेही याच शास्त्रातून स्पष्ट होते. खडीसाठी डोंगराची कड कापली की दगडासोबत झऱ्याचा सांधाही जातो, आणि तो पुन्हा तयार होत नाही. उन्हाळ्यातल्या वणव्यांनी माचीवरची माती उघडी पडली की पहिल्याच पावसात ती नदीत उतरते. कल्याण-टिटवाळा पट्ट्यात घरे वेगाने वाढत आहेत. त्यांना लागणारी खडी आणि पाणी ही दोन्ही डोंगराचीच देणी आहेत, म्हणून एकाचा उपसा दुसऱ्याच्या मुळावर येणार नाही, याचा हिशेब नियोजनातच मांडायला हवा.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारसा मानले. भूरचनेचा उपयोग करून उभारलेली संरक्षणव्यवस्था हे त्या गौरवाचे एक कारण आहे. त्या यादीत माहुली नाही, पण तिचे जतन करायला कोणत्याही यादीची वाट पाहण्याची गरज नाही. जैवविविधता कायद्यात वारसास्थळे घोषित करण्याची तरतूद आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क दिले आहेत. शहापूर, मुरबाड आणि कल्याण तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या गावाच्या झऱ्यांची नोंद करावी, कोणता झरा कोणत्या थरातून येतो आणि कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे नकाशावर उतरवावे. असा नकाशा हाती असेल तर खाणीला परवानगी देण्याआधी तिथे काय गमावणार आहोत, हे ग्रामसभेला पुराव्यानिशी सांगता येईल.