त्रिराज्य-पटावरील विजय : धान्य, पदवी आणि वैधता

चीनमधील हान साम्राज्याच्या विघटनाचा काळ हा एका अलीकडच्या संगणकीय खेळाचा विषय झाला आहे. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या संस्थेने रचलेला व सेगा कंपनीने २०१९ साली प्रसिद्ध केलेला ‘टोटल वॉर : थ्री किंग्डम्स’ हा तो खेळ होय. त्याची मूळ मोहीम इ. स. १९० मध्ये सुरू होते. त्या वेळी सेनापती दोंग च्वो बालसम्राटाला मुठीत धरून बसला आहे आणि प्रांतोप्रांतीचे सरदार त्याच्याविरुद्ध उठले आहेत. खेळाडूने त्यांपैकी एकाचा पक्ष घ्यावयाचा आणि सारा देश एकछत्री करावयाचा. हे साधते कशाने, असे विचारल्यास नवखा खेळाडू ‘लढायांनी’ असे उत्तर देईल. ते चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे.

खेळात वर्षाच्या पाच खेळ्या असतात; चार ऋतू आणि सुगीचा एक स्वतंत्र काळ. सुगीला दिलेले हे स्थान केवळ शोभेचे नव्हे. नगर जसजसे मोठे होते तसतसे ते अधिक धान्य खाते, आणि शत्रूच्या मुलखात शिरलेल्या सैन्याची रसद दर खेळीस घटत जाते. म्हणून जाणता खेळाडू आरंभीची वर्षे शेतीची ठाणी हस्तगत करण्यात घालवितो, उरलेले धान्य तुटीतल्या शेजाऱ्यास विकून त्यावर नियमित द्रव्य मिळवितो, आणि मग फौज वाढवितो. मुलूख भराभर जिंकला तर भ्रष्टाचार वाढून उत्पन्न गळते आणि असंतुष्ट सरदार पक्ष सोडून जातात. इतिहासाची साक्ष ह्याहून निराळी नाही. त्साओ त्साओने १९६ साली सम्राटाला आपल्या आश्रयास आणले आणि त्याच वर्षी पडीक जमिनीवर शासकीय वसाहती बसवून धान्याची कोठारे भरली. चार वर्षांनी ग्वानदू येथे युआन शाओच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी गाठ पडली, तेव्हा निकाल लागला तो वूछाओ येथील शत्रूचा धान्यसाठा जाळल्यामुळे.

ह्यानंतरचा भाग अधिक विचारार्ह आहे. मुलूख, इमारती व सुधारणा ह्यांतून प्रतिष्ठा वाढते, आणि प्रतिष्ठेच्या पायऱ्यांनी सरदार क्रमाने वरच्या पदव्या चढत राजा व अखेर सम्राट होतो. प्रत्येक पदवीबरोबर अधिक सैन्ये, अधिक प्रशासक, अधिक व्यापारी करार पदरात पडतात. म्हणजे पदवी हा अलंकार नसून शक्तीच होय. परंतु सम्राटपद येताच पटावर तीन सम्राट उभे राहतात आणि उरलेल्या दोघांची राजपीठे घेतल्याशिवाय मोहीम जिंकली जात नाही. हे दोघे इतिहासातलेच असतील असे नाही. म्हणून शेवटची पायरी चढण्यापूर्वी सीमेवरील सैन्ये सज्ज व कोठारे भरलेली असावीत. पदवीचा मोह आधी आणि तयारी मागून, असा क्रम घातक ठरतो. युआन शूने १९७ साली स्वतःस सम्राट म्हणविले. मित्रही उलटले आणि दोन वर्षांत तो संपला. त्साओ त्साओ मात्र २१३ मध्ये ड्यूकच्या तोडीची व २१६ मध्ये राजाची पदवी घेऊन तेथेच थांबला. सम्राटपद त्याच्या पुत्राने २२० साली घेतले. ल्यू बेइने २२१ मध्ये, आणि सुन च्युआनने तर २२९ पर्यंत वाट पाहिली.

तीन सम्राटांपैकी खरा कोण, हा प्रश्न तलवारीने सुटला तरी लेखणीपुढे उरतोच. चेन शोउ ह्याने तिसऱ्या शतकात लिहिलेल्या ‘सानग्वोजी’ ह्या इतिहासात त्याचे उत्तर शब्दयोजनेत दडलेले आहे. वेइच्या अधिपतींच्या मृत्यूसाठी तो ‘बंग’ हे सम्राटालाच शोभणारे क्रियापद वापरतो. सुन च्युआनसाठी ‘होंग’, जे मांडलिक अधिपतीसाठी असते. आणि ल्यू बेइसाठी ‘त्सु’, जे ‘शूजिंग’ ह्या प्राचीन ग्रंथात आदर्श राजा याओ ह्याच्या मृत्यूप्रसंगी आले आहे. (मराठीत ‘मेला’, ‘वारले’ आणि ‘कैलासवासी झाले’ ह्यांतील अंतर ज्यास ठाऊक आहे त्यास ह्याचे नवल वाटू नये.) चेन शोउ मूळचा शूचा. तो लिहीत होता जिन घराण्याच्या सेवेत, आणि जिनांनी सत्ता घेतली होती वेइकडून. तेव्हा वेइला वैध न म्हणणे त्याला शक्यच नव्हते. तरी आपल्या जुन्या धन्याकरिता त्याने तो एक शब्द राखून ठेवला, असे पुढील वाचकांनी मानले. पुढे लुओ ग्वानचुंगच्या नावावर असलेल्या कादंबरीने तर सारी सहानुभूतीच ल्यू बेइकडे वळविली.

खेळाच्या कर्त्यांना हा दुहेरी वारसा ठाऊक होता. त्यांनी खेळण्याच्या दोन रीती ठेविल्या : एक इतिहासाची, जीत सेनापती अंगरक्षक दलासह लढणारा, थकणारा माणूस असतो; दुसरी कादंबरीची, जीत तो एकटा शेकडोंशी झुंजतो व द्वंद्वे खेळतो. पहिल्या रीतीत सेनापतीला पुढे लोटून चालत नाही. व्यूह आणि संख्या ह्यांवर भिस्त ठेवावी लागते. अभ्यासकाला हीच रीत अधिक रुचेल, जरी मनोरंजन दुसरीत जास्त आहे हे कबूल केले पाहिजे.

एक गोष्ट मात्र मूळ मोहिमेच्या विजयचित्रात येत नाही. शू २६३ साली पडले, ते वेइच्या हातून; पण तीन वर्षांच्या आत वेइचेच सिंहासन सिमा घराण्याने घेतले, आणि २८० मध्ये वू जिंकून देश एक केला तो ह्या जिनांनी. तिघांपैकी कोणीच जिंकले नाही. ह्या खेळाची एक पुरवणी २९१ सालापासून सुरू होते, आणि तिचा विषय आहे त्याच विजयी घराण्यातील आठ राजपुत्रांची यादवी.