ऊन कमी आहे? मग टोमॅटोचा नाद सोडा!

रूमच्या मागची ती अंधारी, ओलसर जागा. तिथंही भाजी होते. फक्त कोणती, हे ठरवायच्या आधी तिथलं ऊन मोजायला हवं.

कासारसाई म्हटलं की बाकीच्यांना धरण आठवतं, वीकेंडची भजी आणि फोटो आठवतात. तुम्हाला आठवते ती रूम. हिंजवडीचं भाडं परवडेना म्हणून चौघांनी मिळून घेतलेली. पुढच्या दारातून रस्ता, मागच्या दारातून चार पावलांचं परस. तिथं एका बाजूला मालकांच्या घराची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारची नवी दोन मजली इमारत. कपडे वाळायला दोन दिवस लागतात.

मेसच्या डब्यात आठवड्यातून चारदा बटाटा आला, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘आपणच लावू ना काहीतरी.’ रील बघितलं, टोमॅटोचं रोप आणलं, रंगाच्या डब्यात लावलं. रोप नुसतंच उंच आणि बारीक होत गेलं. चार फुलं आली, गळून गेली. मग जाहीर करून टाकलंत, ‘आपल्या हाताला गुणच नाही!’

तर दोस्तहो, दोष हाताचा नव्हता. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी या फळं धरणाऱ्या भाज्यांना रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं. तुमच्या परसात तेवढं येतच नाही.

एक रविवार उन्हासाठी

मग येतं किती? अंदाज नको, मोजा. एखाद्या रविवारी सकाळी आठपासून पाचपर्यंत, दर तासाला त्याच जागेचा मोबाइलवर फोटो काढा. चौघं आहात, पाळी लावा. संध्याकाळी सगळे फोटो बघितले की कोणत्या कोपऱ्यात किती तास ऊन येतं ते कळतं.

हे काम वर्षातून दोनदा तरी करा, कारण ऊन जागा बदलतं. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो. भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दक्षिणेकडची १० फुटी भिंत भरदुपारीही सुमारे ९ फूट सावली टाकते. म्हणजे उन्हाळ्यात लख्ख दिसलेला कोपरा दिवाळीनंतर अंधारात जाऊ शकतो. डबे असल्याचा फायदा इथंच आहे. जमिनीत लावलेलं झाड हलत नाही, डबा उचलून उन्हात नेता येतो.

मग लावायचं काय?

तीन-चार तास ऊन असेल तर पालेभाज्या. मेथी, पालक, कोथिंबीर, चाकवत. यांची आपल्याला पानंच हवी असतात, त्यामुळे कमी उन्हातही त्या भागवून घेतात. मेथी उघड्यावर महिनाभरात काढायला येते. तुमच्याकडे आठवडाभर उशीर धरा. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, चौथ्या दिवशी डबा उकरून बघू नका.

ऊन त्याहून कमी असेल तर पुदिना, आलं, हळद आणि अळू. आपल्या आज्यांनी अळू कुठं लावला होता आठवा. मागच्या दारी, मोरीचं पाणी जायचं तिथं, सावलीत. मालकीणकाकूंना सरळ विचारा, ‘काकू, अळूचा एक गड्डा देता का?’ ओढ्याकाठचा रानातला कुठलाही अळू मात्र उपटून आणू नका. आणि भाजी करताना चिंच विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल.

डबे आणि माती

पालेभाजीला आठ इंच खोली पुरते, आल्या-हळदीला फूटभर हवी. रंगाचा डबा नीट धुतलेला, फुटका पाण्याचा जार, खताची गोणी, काहीही चालतं. तळाला पाच-सहा भोकं मात्र हवीतच. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

आता डब्यात भरायचं काय? मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं भरलेल्या पिशव्यांत आणि ड्रममध्ये भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून बाग सुरू केली. त्यांच्याकडे गच्चीचं ऊन होतं, तुमच्याकडे नाही. पण कचऱ्यापासून माती करण्याची त्यांची युक्ती सावलीतही चालते.

कासारसाईत तर संत तुकाराम साखर कारखानाच आहे. कारखान्याची चिपाडं बॉयलरला जातात, पण रसवंतीवाल्याकडे पोतंभर सहज मिळतील. ती ताजी वापरू नका. ताजी चिपाडं कुजताना मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. शेणकाला शिंपडून दोन-तीन महिने कुजवा, मग निम्मी माती आणि निम्मं हे खत असं भरा.

पुढं खुराक म्हणून अमृतजल. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवारातून ते घरोघरी पोचलं. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून डब्यांना द्यायचं.

पाणी बेतानं

सावलीतली झाडं तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात. ऊन नसल्यानं माती लवकर सुकत नाही, त्यात चौघंही आपापल्या परीनं पाणी घालतात! बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. पाणी घालायचं काम एकाकडेच द्या. पावसाळ्यात गोगलगायी येतील, रात्री बॅटरी घेऊन वेचा. आणि मालकांना विचारून मागच्या भिंतीला चुना मारा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड झाडांना मिळतो.

अकरा महिन्यांची शेती

‘रूम आपली नाही, करार अकरा महिन्यांचा, कशाला एवढा खटाटोप?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. पण मेथी महिना-सव्वा महिन्यात येते. अकरा महिन्यांत सात-आठ वेळा तरी होईल. रूम सोडाल तेव्हा डबे उचला आणि टेम्पोत टाका. वर्षभर मुरलेली मातीही तुमच्याबरोबर येईल. नव्या रूमवर सामान लावायच्या आधी एक रविवार काढा, आणि मागचं दार उघडून ऊन मोजा.

अळूचा डबा मात्र तिथंच ठेवा. नंतर येणाऱ्या पोरांना काकूंकडे गड्डा मागावा लागणार नाही.