भुयारांतून सुटका आणि तिचें मोल

कैदेंतून पळून जाणाऱ्या माणसाची हकीकत ऐकावयास बसलें म्हणजे ऐकणाऱ्याचें मन आपोआप पळणाऱ्याच्या बाजूस झुकतें. तो अपराधी कीं निरपराधी हा प्रश्न मागाहून सुचतो; आधीं इच्छा होते ती एवढीच, कीं पहारेकऱ्याची नजर क्षणभर दुसरीकडे वळावी आणि याचा पाय कुंपणाबाहेर पडावा. या स्वाभाविक सहानुभूतीवर अनेक बोलपट उभारले गेले. त्यांपैकीं सर्वांत अधिक गाजलेला म्हणजे १९६३ सालचा ‘द ग्रेट एस्केप’. ज्या श्रोत्यांनीं तो पाहिला असेल त्यांना हिरव्या कुरणांतून धांवत येऊन तारेच्या कुंपणावरून झेप घेणारी मोटारसायकल खचित आठवत असेल. परंतु ती मोटारसायकल इतिहासांत कोठेंच नाहीं. आणि इतिहासांत जें आहे त्यांतील अत्यंत गंभीर भाग बोलपटांत थोड्याच क्षणांत उरकलेला आहे. तो भाग कोणता, हें समजून घेणें अवश्य आहे.

या बोलपटास आधार आहे तो पॉल ब्रिकहिल या ऑस्ट्रेलियन लेखकाच्या, १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या, त्याच नांवाच्या पुस्तकाचा. ब्रिकहिल वैमानिक होता, त्याच छावणींत कैदी होता आणि सुटकेच्या कटांत सामीलहि होता. मात्र बंद जागेंत त्याचा जीव घाबरा होत असल्यामुळें त्याला भुयारांतून जाऊं दिलें गेलें नाहीं. पटकथा लिहिणाऱ्यांपैकीं जेम्स क्लॅव्हेल हा जपान्यांच्या कैदेंत राहून आलेला. खोटे दस्तऐवज तयार करणाऱ्या कैद्याची भूमिका करणारा डोनल्ड प्लेझन्स हा नट तर महायुद्धांत प्रत्यक्ष जर्मनांचा युद्धकैदी होता. भुयारें खणण्याचें काम ज्याच्या देखरेखीखालीं झालें तो कॅनडाचा वॉली फ्लडी हा चित्रीकरणाच्या वेळीं सल्लागार म्हणून हजर होता. दिग्दर्शन जॉन स्टर्जेस याचें. कटाच्या सूत्रधाराची भूमिका ज्यानें केली तो रिचर्ड अ‍ॅटनबरो पुढें १९८२ सालच्या ‘गांधी’ या चित्रपटाचा दिग्दर्शक म्हणून आपल्याकडे घरोघर ठाऊक झाला. कैद म्हणजे काय हें अनुभवानें जाणणाऱ्या इतक्या माणसांचा हात लागल्यामुळें बोलपटाचा पूर्वार्ध, म्हणजे छावणींतील जीवन आणि भुयाराची खोदाई, पुष्कळच विश्वसनीय उतरला आहे.

मूळ घटना घडली ती सायलीशिया प्रांतांतील सागान या गांवाजवळ. हा मुलूख तेव्हां जर्मनीत होता. आतां तो पोलंडमध्यें असून गांवास झागान म्हणतात. जर्मन वायुदलानें १९४२ सालीं येथें पकडलेल्या शत्रुवैमानिकांसाठीं ‘स्टालाग लुफ्ट तीन’ नांवाची छावणी उघडली. जागा मोठ्या विचारानें निवडली होती. जमीन वाळूची, वरची माती करड्या रंगाची आणि खालची वाळू पिवळीधमक, म्हणजे कोणी खणलें कीं रंगावरूनच चोरी उघड व्हावी. कैद्यांच्या झोपड्या जमिनीपासून उंच उचललेल्या, कीं खालीं काय चाललें आहे तें पहारेकऱ्यास वाकून पाहतां यावें. शिवाय खोदाईचा आवाज टिपणारीं यंत्रें कुंपणालगत पुरलेलीं होतीं.

असें असतां हे लोक पळावयास कां प्रवृत्त झाले? याचें उत्तर त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यांत सांपडतें. १९२९ च्या जिनीव्हा करारान्वयें पकडलेल्या अधिकाऱ्यांकडून सक्तीनें काम करून घेतां येत नसे. म्हणून त्यांच्यापाशीं वेळ मुबलक होता. त्याच करारानें असेंहि ठरविलें होतें कीं पळून जाण्याचा यत्न करणाऱ्या युद्धकैद्यास केवळ शिस्तभंगाची शिक्षा द्यावी, आणि ती फार तर तीस दिवसांची कोठडी असावी. सैनिकानें स्वपक्षाकडे परत जाण्याची धडपड करणें हें त्याचें कर्तव्यच होय, हें तत्त्व उभय पक्षांनीं मान्य केलेलें होतें आणि करारावर जर्मनीचीहि सही होती. या सहीवर विश्वास ठेवूनच सागानच्या कैद्यांनीं जमीन खणावयास घेतली.

कटाचा मुख्य रॉजर बुशेल हा दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेला बॅरिस्टर, युद्धांत लढाऊ विमानांच्या तुकडीचा नायक झालेला. १९४० च्या मे महिन्यांत त्याचें विमान पाडलें गेलें. पुढें तो दोनदां पळाला व दोनदां पकडला गेला. दुसऱ्या खेपेस प्रागमध्यें त्याला आसरा देणाऱ्या झेक कुटुंबांतील माणसांना नाझींनीं ठार मारिलें. पुन्हां पळालास तर गोळी घालूं, असें त्यालाहि बजावलें गेलें होतें. तरीहि त्यानें १९४३ च्या वसंत ऋतूंत नवी योजना मांडली : एकाच वेळीं तीन भुयारें खणावयाचीं आणि एका रात्रींत दोनशें माणसें बाहेर काढावयाचीं. इतकीं माणसें एकदम नाहींशीं झालीं म्हणजे शत्रूचे सैनिक आणि पोलिस हजारोंनीं शोधाला लागतील, हा त्यांतील युद्धनीतीचा भाग होता.

भुयारांचीं टोपणनांवें टॉम, डिक आणि हॅरी. जमिनीखालीं सुमारें तीस फूट खोल उतरावयाचें व मग आडवें खणीत जावयाचें. रुंदी आणि उंची दोन-दोन फूट, म्हणजे माणसानें पोटावर सरपटावें एवढीच. वाळू ढासळूं नये म्हणून पलंगांच्या फळ्या काढून भिंतींस व छतास लावल्या. अशा सुमारें चार हजार फळ्या खर्चीं पडल्या. रेडक्रॉसकडून येणाऱ्या दुधाच्या भुकटीचे डबे जोडून हवेची नळी केली, कातडी भात्यासारखा पंप करून तींतून हवा सोडली, छावणीच्या तारांतून वीज चोरून आंत दिवे लावले आणि वाळू ओढावयास रुळांवर चालणारी लहान गाडीहि केली. निघालेली वाळू विजारींत लोंबत्या पिशव्यांत भरून, फिरतां फिरतां पायांजवळ सोडून वरच्या मातींत मिसळली जाई. दुसरीकडे शिंपी, नकाशे काढणारे, खोटे परवाने लिहिणारे यांचे कारखाने चालत. ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्या वितळवून त्यांचीं होकायंत्रें केलीं गेलीं. या सर्व उद्योगांत सहाशेंहून अधिक माणसें गुंतलेलीं होतीं. १९४३ च्या सप्टेंबरांत टॉमचा शोध लागला. डिक वाळू सांठविण्यास उपयोगीं पडलें. आणि एकशें चार क्रमांकाच्या झोपडींतील शेगडीखालून निघालेलें हॅरी तेवढें तीनशेंहून अधिक फूट लांबीचें होऊन पुरें झालें.

१९४४ च्या मार्चची चोविसावी तारीख. रात्र अंधारी, जमिनीवर बर्फ. बाहेरील तोंडाचें झांकण गोठून बसलेलें. तें उघडावयासच पुष्कळ वेळ गेला. उघडून पाहतात तों भुयार झाडींत न निघतां झाडीच्या अलीकडे उघड्यावर निघालेलें! मग दोरीच्या खुणेनें एकेकास सोडावयाचें ठरलें. मध्येंच विमानहल्ल्याच्या इशाऱ्यामुळें वीज बंद झाली. दोनशें माणसांचा बेत होता. पहांटे पांचच्या सुमारास पहारेकऱ्यानें सत्त्याहत्तराव्या माणसास पाहिलें, तेव्हां शहात्तर बाहेर पडलेले होते.

येथपर्यंतच्या कथेंत बोलपटानें केलेले फेरफार बरेच निरुपद्रवी आहेत. बोलपटांतील हवा उन्हाळ्याची आहे. खरे कैदी थंडीनें काकडत, बर्फांतून वाट न सुचून सडकांकडे व आगगाडीच्या स्टेशनांकडे वळले आणि तेथेंच बहुतेक सांपडले. बोलपटांत अमेरिकन वीर पुढें आहेत. वस्तुतः अमेरिकनांनीं आरंभीच्या कामांत हातभार लावला असला तरी त्यांना कित्येक महिने आधींच निराळ्या विभागांत हलविलें होतें, आणि शहात्तरांत अमेरिकन सैन्याचा एकहि माणूस नव्हता. पळविलेलें विमान आणि मोटारसायकल हीं दोन्ही कल्पित. शेवटपर्यंत निभावलेले तिघे म्हणजे दोन नॉर्वेजियन व एक डच. पेर बर्गस्लंड व येन्स म्युलर हे समुद्रमार्गानें स्वीडनला आणि ब्राम व्हान डर स्टॉक हा स्पेनमार्गें जिब्राल्टरला पोंचला. उरलेले त्र्याहत्तर पुन्हां पकडले गेले.

यापुढील फेरफार मात्र निरुपद्रवी म्हणतां येत नाहीं. बोलपटांत पन्नास कैदी एकत्र एका माळावर उतरविले जातात आणि यंत्रबंदूक त्यांच्यावर चालते. प्रसंग हृदयद्रावक आहे. परंतु पाहणाऱ्यास तो युद्धांतील एखाद्या क्रूर क्षणासारखा भासतो. वास्तविक प्रकार याहून थंड रक्ताचा होता. सर्वांनाच ठार करा, अशी हिटलरची प्रथम आज्ञा होती. जर्मन कैद्यांवर सूड उगविला जाईल या भीतीनें वरिष्ठांनीं रदबदली केली, तेव्हां संख्या पन्नासावर आली. गुन्हे-अन्वेषण पोलिसांचा प्रमुख आर्थर नेबे यानें कचेरींत बसून, कैद्यांच्या माहितीचीं पत्रकें पुढें घेऊन, कोण मरावा व कोण जगावा याची निवड केली. मग गावोगांवच्या गेस्टापोकडे हुकूम गेले. कैद्यांना एकेकटें, दोघांदोघांना किंवा लहान टोळ्यांनीं मोटारींत घालावयाचें, वाटेंत लघुशंकेच्या निमित्तानें उतरवावयाचें, पाठीमागून गोळी घालावयाची, आणि पळून जात असतां मारला गेला असा कागद लिहावयाचा. स्वतः बुशेल आणि त्याचा फ्रेंच सोबती शायधावर यांस झारब्र्युकेनजवळ २९ मार्चला असेंच मारलें. परवाने लिहिणारा टिम वॉलेन गेला, होकायंत्रें करणारा अ‍ॅल हेक गेला.

एप्रिलच्या ६ तारखेस छावणींतील ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी मॅसी यास बोलावून, एकेचाळीस जण पळतांना मारले गेले असें सांगण्यांत आलें. पुढें तो आंकडा पन्नास झाला. मॅसीनें विचारलें, जखमी किती? उत्तर आलें, एकहि नाहीं. या एका उत्तरानें सर्व बनाव उघडा पडला; कारण पळत्या माणसांवर झाडलेल्या गोळ्यांनीं कोणी जखमी होऊं नये, सगळेच मरावे, हें संभवत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं मृतांच्या रक्षेच्या कुंड्या छावणींत आल्या. त्यांवर दहन झाल्याच्या गांवांचीं नांवें होतीं. म्हणजे खून कोणकोणत्या भागांत झाले याचा पुरावा खुन्यांनीं स्वतःच धाडला होता. कैद्यांनीं आपल्या मृत सोबत्यांसाठीं दगडी स्मारक बांधलें. तें अद्याप तेथें उभें आहे.

ब्रिटिश पार्लमेंटांत परराष्ट्रमंत्री ईडन यानें, अपराध्यांना शासन झाल्यावांचून राहणार नाहीं, असें १९४४ च्या जूनमध्यें जाहीर केलें. तें वचन पाळलें गेलें. युद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलाच्या पोलिसांनीं उध्वस्त जर्मनींतून एकेक आरोपी हुडकून काढला. १९४७ सालीं हँबुर्ग येथें अठरा जणांवर खटला चालला. वरिष्ठांचा हुकूम होता, आम्हीं तो केवळ पाळला, हा बचाव न्यायालयानें मानला नाहीं. चौदा जणांना देहांताची शिक्षा झाली आणि १९४८ च्या फेब्रुवारींत तेरा जण फांशीं गेले. नेबे त्यापूर्वींच, हिटलरविरुद्धच्या कटांत सामील झाल्याच्या आरोपावरून, नाझींच्याच हातून मेला होता.

बुशेलनें इतक्या माणसांचे प्राण धोक्यांत घातले हें उचित केलें काय, असा प्रश्न छावणींतहि विचारला गेला आणि पुढेंहि विचारला जातो. त्याला स्वतःवरील धोका ठाऊक होता. इतरांना मात्र तीस दिवसांच्या कोठडीपलीकडे भय आहे असें मानण्याचें कारण नव्हतें. जो करारावर विसंबून वागला त्याजकडे, करार मोडणाऱ्याच्या पापाचा वांटा देतां येणार नाहीं. दोष पळणाऱ्याचा असता तर मारणाऱ्यांना खोटे कागद लिहिण्याची गरज कां पडावी?

बोलपट अखेरीस त्या पन्नासांना अर्पण केलेला आहे, ही त्याच्या कर्त्यांची कृतज्ञता. जवळजवळ तीन तास प्रेक्षकांस हंसवून, थरारवून शेवटीं तो त्यांना मृतांपुढें उभें करतो, हें थोडें नव्हे. परंतु खून कचेरींत कसा ठरला आणि त्याचा जाब न्यायालयांत कसा घेतला गेला, हें तो सांगत नाहीं. घरांतील तरुण मंडळी तो बोलपट पाहतील तेव्हां वडील माणसांनीं एवढा उरलेला भाग त्यांना अवश्य सांगावा. मोटारसायकलची झेप त्यांच्या लक्षांत राहीलच. मॅसीचा तो प्रश्न आणि त्याला मिळालेलें उत्तरहि लक्षांत राहावें.