इंजिन बंद पडल्यावर

हौशी माणसांनी घरी बांधलेल्या हलक्या विमानांच्या अपघातांत इंजिन बंद पडणे आणि विमानावरचा ताबा सुटणे ही दोन कारणे ठळकपणे आढळतात, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासात दिसून आले. यांतल्या पहिल्यातून दुसरे उद्भवले, की प्रसंग जिवावर बेततो.

अशा विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीनेच बांधलेला असावा, अशी अमेरिकेत अट आहे. त्यामुळे इंधनाच्या नळ्या, झडपा आणि वायरिंग यांची रचना विमानागणिक बदलते. इंजिन बंद पडण्याचे मूळ अनेकदा इंजिनात नसून या जोडणीत असते. नळीत कचरा अडकतो, उष्णतेने इंधनाची वाफ होते, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो किंवा एक टाकी संपते. म्हणूनच तिथे नव्या विमानाला सहसा सुरुवातीचे २५ किंवा ४० तास चाचणी-उड्डाणांसाठी नेमून दिलेल्या क्षेत्रातच उडावे लागते.

गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात झालेला मृत्यू याचे बोलके उदाहरण आहे. त्यांचे ‘लाँग-ईझी’ विमान दुसऱ्याने बांधलेले होते. टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यानुसार हाताशी न ठेवता बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवण्याच्या खटपटीत लक्ष विचलित झाले, उजवे रडर (दिशा बदलणारे सुकाणू) दाबले गेले आणि ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

इंजिन थांबले तरी पंख काम करतच राहतात. वैमानिकाने लगेच नाक खाली करून ठरावीक वेग राखला, तर वारा नसताना असे विमान हजार मीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. आधी मोकळे शेत हेरायचे. मग उंची असेल तर टाकी बदलणे, पंप सुरू करणे, कार्ब्युरेटरला उष्णता देणे आणि रेडिओवर ‘मेडे’ हा संकटसंदेश पुकारणे, हा क्रम.

उड्डाण करताच इंजिन बंद पडले, तर धावपट्टीकडे वळण्याचा मोह घातक ठरतो. तीव्र वळणात पंखांना अधिक वेग लागतो. तो न मिळाल्यास विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, गिरक्या घेत कोसळते. कमी उंचीवर समोरच्या टप्प्यातच जागा शोधणे श्रेयस्कर.

जमिनीजवळ येताना इंधन आणि वीज बंद करतात, दार किंवा काचेचे झाकण सैल करतात आणि शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून टेकतात. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने टेकल्यास धडकेची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. म्हणून वेग कमीत कमी, पण स्टॉलपेक्षा जास्त हवा. चाके किंवा पंख मोडले तरी चालतील, आतली बैठक शाबूत राहिली पाहिजे.