पार्सल कुठं आहे?

ऑनलाइन मार्केटिंग हा आता फलटणसारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी बोलला जाणारा शब्द झाला आहे. कॉलेजमधली पोरं, बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या मुली, दूध संघाच्या पगारात भागत नाही म्हणणारे कामगार, सगळेच सांगतात, "सध्या ऑनलाइन मार्केटिंगचं बघतोय." मी इथे कुरिअरचं काउंटर चालवतो. त्यामुळे ऐकणारा माणूस मी थोडा वेगळा आहे. कुणी असं म्हणालं की माझ्या तोंडून सहज प्रश्न निघतो: मग पार्सल कुठं आहे?

हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाही. विकायचा धंदा असेल तर माल कुठून तरी निघाला पाहिजे आणि कुणाच्या तरी दारात पोचला पाहिजे. ४१५५२३ या पिनकोडवरून असा माल रोज निघतो. लाकडी घाण्याचं करडईचं तेल, डाळिंबाची रोपं, शेवग्याची पावडर, कुरडया-पापड, शिवलेले ब्लाउज, मसाले. हा माल पाठवणारी माणसं कमी बोलतात. खोकं काट्यावर ठेवतात, पत्ता दोनदा तपासतात आणि घाईत परत जातात. उलट, ज्यांच्या तोंडी "पॅसिव्ह इन्कम", "लीडर", "टीम" असे शब्द जास्त असतात, त्यांच्या नावाची पावती मला सहसा फाडावी लागत नाही. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे धंदे चालतात. एकात गिऱ्हाईक पैसे देतं. दुसऱ्यात नवा भरती झालेला माणूस पैसे देतो. नव्याने उतरणाऱ्याला हा फरक कुणी सांगत नाही आणि तिथेच घरं बसतात.

दुसऱ्या धंद्याची पद्धत ठरलेली आहे. आधी ओळखीच्या माणसाचा मेसेज येतो, मग झूमवर किंवा एखाद्या मंगल कार्यालयात "प्लॅन दाखवतात". स्टेजवर एखादा तरुण आपली गाडी कशी आली ते सांगतो. जॉइनिंगची रक्कम भरली की आयडी मिळतो. आपल्या खाली डाव्या-उजव्या लेगमध्ये, म्हणजे दोन फांद्यांत, माणसं बसवायची, जोडी जुळली की पेआउट, म्हणजे कमिशन. साबण, पावडर किंवा "डिजिटल मार्केटिंगचा कोर्स" नावाला असतो. त्या कोर्समध्येही मुख्य धडा एकच असतो, हाच कोर्स पुढच्याला कसा विकायचा.

महाराष्ट्राने हे आधी पाहिलं आहे. स्पीक एशिया नावाची कंपनी आठवत असेल. सभासदाने ११ हजार रुपये भरायचे, आठवड्याला काही प्रश्नावल्या संगणकावर भरायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे. वर नवीन सभासद आणले तर वेगळं कमिशन. लाखो लोकांनी पैसे भरले. या प्रश्नावल्या विकत कोण घेतं, असं विचारलं की मोठमोठ्या कंपन्यांची नावं सांगितली जात. २०११ मध्ये त्यातल्या काही कंपन्यांनी आमचा संबंध नाही असं जाहीर केलं आणि डोलारा कोसळला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तपास गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत नोएडामध्ये 'सोशल ट्रेड' उघडकीला आलं. तिथे ५,७५० ते ५७,५०० रुपये भरायचे आणि मोबाइलवर लिंकला लाइक करत बसायचं, एका क्लिकला पाच रुपये. पोलिसांनी सांगितलेला आकडा सुमारे ३,७०० कोटी रुपयांचा होता. क्लिकचे पैसे देणारा बाहेरचा जाहिरातदार जवळजवळ नव्हताच, नव्या सभासदाचे पैसे जुन्याच्या खात्यात जात होते.

आता तेच काम टेलिग्रामवर सुटं-सुटं चालतं. "घरबसल्या व्हिडिओ लाइक करा." पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. तेवढ्यावर माणूस विश्वास ठेवतो. मग "प्रीपेड टास्क" येतो, आधी हजार भरा, तेराशे मिळतील. नंतर पाच हजार, नंतर पन्नास हजार. पडद्यावर शिल्लक वाढत जाते, काढायला गेलं की आधी "टॅक्स" भरा म्हणतात. माझ्या काउंटरवर एक मुलगी हातातल्या मोबाइलच्या पडद्यावरची शिल्लक दाखवत होती आणि वडिलांच्या ऊसबिलाचे पैसे त्यात गेलेत हे सांगताना तिचा आवाज फुटत नव्हता. अशा मुलीला "लोभी" म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. तिला काम हवं होतं. तिने रोज रात्री जागून ते केलंही होतं.

हिशेब करून पाहू. प्रत्येकाने फक्त पाच माणसं आणायची, असं सांगतात. पाच ऐकायला फारच कमी वाटतात. पहिल्या पायरीला ५, दुसरीला २५, तिसरीला १२५, चौथीला ६२५, पाचवीला ३,१२५, सहावीला १५,६२५ आणि सातवीला ७८,१२५. २०११ च्या जनगणनेत फलटण शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या थोडी पुढे होती. म्हणजे सातव्या पायरीला तान्ह्या बाळांसकट सगळं गाव संपलं. दहाव्या पायरीला ९७ लाखांहून जास्त माणसं लागतात आणि त्याच जनगणनेत अख्खा सातारा जिल्हा तीस लाखांचा होता. अशा रचनेत सर्वांत जास्त माणसं कायम शेवटच्या पायरीवर असतात आणि त्यांच्या खाली कुणीच नसतं. तुमची मेहनत कमी पडली, तुमचा माइंडसेट निगेटिव्ह आहे, असं त्यांना सांगितलं जातं. त्या माणसांनी मेहनत कमी केलेली नसते. माणसंच संपलेली असतात.

आपल्या भागाला हा हिशेब २०१९ मध्ये कोंबड्यांनी शिकवला. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रो या कंपनीने कडकनाथ कोंबडीची योजना आणली. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची काळ्या मांसाची जात, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं. तेव्हा मोबाइलवर सगळीकडे तिचेच व्हिडिओ फिरत होते. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पिल्लं आणि खाद्य देणार, अंडी चढ्या भावाने परत घेणार. इथे तर माल होता, डोळ्यांसमोर पंख फडफडवत होता. म्हणून शिकलेली माणसंही फसली. पण त्या भावाने अंडी खाणारं गिऱ्हाईक बाजारात नव्हतं. पुढच्या शेतकऱ्याला पिल्लं विकायची असली तरच त्या अंड्याला तो भाव होता. नवे शेतकरी यायचे थांबले, तशी अंड्यांची खरेदी थांबली. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांच्या गळ्यात उपाशी कोंबड्या आणि कर्ज उरलं. त्या सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या फेकल्याचं साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

म्हणून माझा प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. पार्सल आहे का, हे विचारून झालं की ते शेवटी कोण फोडतं, हेही विचारावं लागतं. खाणारा, नेसणारा, वापरणारा माणूस की पुन्हा विकायला निघालेला दुसरा सभासद?

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच गावात आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, सगळे तिला 'नारी' म्हणतात. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळं देणारा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचं काम तिथे वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. तीही शेतकऱ्याला विकली जाते, तिच्यातही जास्त उत्पन्नाची आशा आहे. पण जुळी कोकरं म्हटलं की मेंढीला खुराक जास्त लागणार, दूध पुरतं का बघावं लागणार, अशक्त कोकराची काळजी घ्यावी लागणार, हे सगळं आलंच. ती कोकरं अखेर बाजारात, खाणाऱ्याला विकली जातात. कोणताही विकणारा खरा आहे की नाही हे ओळखायला मी एवढंच बघतो: तो खर्च आणि त्रास आधी सांगतो का?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, लोकांपर्यंत मात्र पोचलेला नाही. साखळीतून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. त्यात योजना काढणारा जसा गुन्हेगार आहे, तसा इतरांना सभासद करून घेणाराही. २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे नवे नियम अधिसूचित झाले, त्यांनीही अशा पायऱ्या-पायऱ्यांच्या 'पिरॅमिड' योजना साफ बंद केल्या. "कंपनी रजिस्टर्ड आहे" असं म्हणून जे प्रमाणपत्र दाखवतात, ते बहुतेक वेळा फक्त कंपनी नोंदल्याचं असतं. कंपनी नोंदवणं आणि लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी असणं या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. कोणती संस्था ठेवी घेऊ शकते ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तपासता येतं, तक्रारही तिथेच करता येते.

आता खऱ्या पार्सलवाल्यांकडे येतो, कारण खड्डे त्यांच्याही वाटेत आहेत आणि त्यांना वाचवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

पहिला फटका बसतो तो वजनाचा. एक वहिनी कुरडया घेऊन येतात. काट्यावर किलोभर भरतात, पण मोडू नयेत म्हणून खोकं मोठं घेतलेलं असतं. तीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद, वीस उंच. या तिन्हींचा गुणाकार करून ५,००० ने भागायचं, असा कुरिअरचा सर्रास हिशेब. उत्तर येतं ३.६ किलो आणि पैसे त्याचे लागतात. गिऱ्हाइकाला "डिलिव्हरी फ्री" असं आधीच सांगून बसलेल्या असतात, त्यामुळे त्या ऑर्डरचा सगळा नफा माझ्या काउंटरवरच संपतो. मी सगळ्यांना सांगतो, भाव ठरवायच्या आधी रिकामं खोकं घेऊन या.

दुसरा फटका कॅश ऑन डिलिव्हरीचा. इंस्टाग्रामवर हौसेने मागवतात आणि पोरगा दारात गेला की "नको" म्हणतात किंवा फोनच उचलत नाहीत. माल परत येतो, जायचा खर्च आणि यायचा खर्च दोन्ही पाठवणाऱ्याच्या माथी. दिवाळीनंतर माझ्या मागच्या खोलीत अशा परतीच्या पार्सलांची चळत लागते. साड्या पुन्हा विकल्या जातात, फराळाचं काय करणार? जे टिकलेत ते आता पाठवायच्या आधी फोन करतात, थोडी तरी रक्कम आगाऊ घेतात आणि खाण्याच्या वस्तू कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवतच नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात संतापजनक आहे. सैन्यातला अधिकारी बोलतोय असं सांगून मोठी ऑर्डर देतात, आपल्याकडे फौजेचा मान मोठा, घराघरातलं कुणी ना कुणी फौजेत. मग "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणतात. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. हे वाक्य मी काउंटरवर मोठ्या अक्षरात चिकटवलं आहे.

जाहिरातीचंही तसंच. फेसबुकवर "बूस्ट"चं बटण दाबलं की पाचशे रुपयांत हजारो लोकांना पोस्ट दिसते, पण ती कुणाला दिसते हे ठरवलं नाही तर बिहारमधल्या माणसाला फलटणच्या ब्लाउजची शिलाई दिसत राहते. पन्नास किलोमीटरची हद्द घातली तर बारामती, लोणंद, दहिवडी, माळशिरस एवढ्या भागातलं खरं गिऱ्हाईक सापडतं. पाच हजार फॉलोअर विकत देणाऱ्याला तर दारातही उभं करू नये. आणि राज्याबाहेर करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणीचं आधी विचारून घ्यावं, खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा क्रमांक लागतो तोही घ्यावा. हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून मंगल कार्यालयातल्या स्टेजवरून कुणी सांगत नाही.

हिशेब आपल्याला झेपणार नाही असं म्हणणाऱ्या बायकांना मी शेजारच्या माण तालुक्याची गोष्ट सांगतो. चेतना सिन्हा यांनी म्हसवडला बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्यांनी मेंढरं आणि दुष्काळ सांभाळत व्याज तोंडी काढलं, त्यांच्या लेकीसुनांना लेग आणि पेआउटचा हिशेब कळणार नाही, असं मी मानत नाही. त्यांना तो कुणी कागदावर मांडून दाखवत नाही, एवढंच.

अशा टास्कमध्ये किंवा साखळीत जे आधीच अडकलेत त्यांच्या बाबतीत घाई महत्त्वाची. ऑनलाइन पैसे गेले की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, त्याच तासात केला तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, मेसेजचे फोटो, ज्या खात्यात पैसे पाठवले त्याचा तपशील, काहीही पुसायचं नाही. साखळीत अडकलेला माणूस मात्र बहुतेक वेळा तक्रारच करत नाही. पैशाची अडचण असतेच, पण त्याने आपल्या मेव्हण्याला, मावशीला, वर्गातल्या मित्राला आत आणलेलं असतं आणि तक्रार केली की त्यांना तोंड दाखवावं लागतं, शिवाय स्वतःचंही नाव येईल ही धास्ती. त्या मंडळींकडे आपण होऊन जावं, त्यांनी भरलेली रक्कम वहीत लिहून द्यावी, एखाद्या वकिलाला विचारावं आणि सगळ्यांनी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात चालकांची मालमत्ता जप्त करता येते. तक्रारदार जितके जास्त आणि कागद जितके पक्के, तितकी ती जप्ती लवकर होते.